जून ते सप्टेंबर

गॅरेजच्या छपरावर आमची गच्ची.
स्वान्सी, टाउनहिलचा चढ, समोर उपसागर,
वारा असा की गेल्या मार्चमध्ये उशीची खोळ
तिसऱ्या गल्लीत चर्चच्या कुंपणाला सापडली.
इथे मी उष्णकटिबंध करायला घेतला.

यशोधन म्हणाला, घामाला कंटाळून आलो आपण इकडे,
आता तोच विकत आणतेस?

आणला. सात ऑर्किडं, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी:
उजेड हवा, ऊन नको. पाणी हवं, ओल नको.
माझ्या आतेसासूबाई अशाच होत्या.

काथ्याची पिशवी सहा पाउंडांना.
दुकानातच उघडून हुंगली.
आमच्याकडे सोडणं बंबात जायची,
धुराने डोळे चुरचुरत, आणि मोरीतून आईची हाक,
पाणी तापलंय, उठा.
सहा पाउंड. मोजून दिले, काही बोलले नाही.

जुनी शिडी आडवी टांगली, तिला कुंड्या.
बाजारात कोळ्याने फेकलेली खोकी धुऊन घेतली
(वास गेला नाही; तोही चालेल म्हटलं, किनारा आहे).
मागे नेचे, म्हणजे पेबलडॅशची भिंत दिसू नये.
जांभळी पुढे. पांढरी कोपऱ्यात,
संध्याकाळी ती दिव्याच्या आधी लागते.
जूनच्या सतरा तारखेला खरंच उकडलं, चोवीस अंश,
यशोधन बनियनवर बसला, सरबत मागितलं,
आणि सीगलने त्याची बशी उलटी केली.

सातवीला जागा उरली नाही.
ग्लेनिसच्या सफरचंदाची एक फांदी
आमच्या कठड्यावर कोपर टेकून असते.
तिथेच बांधली, जुन्या मोज्याने, थोडं शेवाळ देऊन.

खालून ग्लेनिस: माझं झाड नाही ना खाणार ती?

बाबा लाइनमन. आठवडाभर आंबोलीच्या घाटात खांबांवर,
रविवारी दारच्या आंब्यावर, कोयता घेऊन
बांडगूळ काढायला.
बांडगुळाबरोबर सीतेची वेणीही खाली यायची,
गुलाबी, लोंबती, मुळांसकट.
मी म्हणे, बाबा, हिला फुलं आहेत.
असू देत. झाडाचं रक्त पिते ती.

पीत नाही.
पाय ठेवायला फांदी, एवढंच घेते झाडाकडून.
पाणी हवेतलं, खाणं पडल्या-झडल्या पानांचं.
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं,
दुकानातल्या एका चिठ्ठीच्या मागच्या बाजूला.
फोन केला. बाबा आता ब्याऐंशी,
उजव्या कानानेच ऐकतात, म्हणून दोनदा सांगितलं.
मग इतका वेळ गप्प की मला वाटलं लाइन गेली.
किती तोडल्या असतील गं मी, म्हणाले.

ग्लेनिस अजून मान वर करून उभी होती.
नाही खाणार, मी म्हटलं. नुसती बसते.
मग बसू दे की, ती म्हणाली, आणि विचारलं
आज हिरवी पिशवी बाहेर ठेवायची की काळी.

आता सप्टेंबर संपत आला. रात्री सहा अंश.
सहा कुंड्या आत आल्या,
ओट्यावर पोळी लाटायला जागा नाही,
यशोधन पांढरीच्या आडून चहा ओततो.
सातवीसाठी कात्री घेऊन गेले.
मोजा कधीच सैल पडलाय.
मुळं सालीला घट्ट, राखाडी, चपटी,
टोकं मात्र हिरवी, अजून पुढे चाललेली,
आमच्या कठड्याकडे नाही, खोडाकडे.

आतून यशोधन विचारतो, आणतेस ना?
कात्री माझ्या खिशात. हात गार पडलेत.
खाली ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात दिवा लागलाय,
त्याचा थोडा उजेड फांदीवर येतो,
ऊब किती येते
ते इथून कळत नाही.